जिन्यातली फुप्फुसं

भालूकाका जिन्यात भेटले की आपला रस्ता बंद. एक हात कठड्यावर, दुसरा भिंतीवर आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "थांब, आत काय चाललंय ते सांगतो." आत म्हणजे फुप्फुसांत.

काकांनी कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, पण मूळचे ते उमेळ्यातले बागाईतदार. बाग गेली, तिथे आमची चार मजली, बिनलिफ्टची इमारत आली. काकांच्या बोलण्यातली केळ मात्र हलली नाही.

"फुप्फुसात बारीक फुगे असतात. त्यांचं अस्तर म्हणजे पातळ, पसरट पेशी. केळीचं पान समज. धूर, जंतू, काही लागलं की पहिल्या फाटतात त्या. मग शेजारच्या जाड्या पेशी वाढतात, चपट्या होतात, त्यांची जागा घेतात. मुनवेच ते! जुनी केळ पडली, बुंध्याशी नवी उभी."

"आणि पडझडीचा कचरा?" मी एकदा चुकून विचारलं.

"भक्षक पेशी गिळतात. तुझ्यासारख्या. समोर येईल ते."

हे बायकोने इमारतभर सांगितलं. तरी काकांची चाहूल लागली की तीही दार लोटून घेते. कुरिअरवाला तर पार्सल खालीच ठेवून पळतो.

काकांच्या दोन पायऱ्या मागे सुलूकाकी, गप्प. गेल्या वर्षी न्यूमोनियाने त्यांची फुप्फुसं दुखावली. मुलगा बोळिंजला, लिफ्टच्या इमारतीत या म्हणतो. काकींचं उत्तर एकच, "माझ्या पायांनी घर गाठतेय तोवर विषय नको." 'दम लागला का' असं विचारणाऱ्याशी त्या आठवडाभर बोलत नाहीत.

परवा संध्याकाळी भाजीच्या पिशव्या घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर, माझ्याच दारात सापडलो. हुशारी दाखवावी म्हणून विचारलं, "काका, मुनवे फुटलेच नाहीत तर?"

काकांचा आवाज एकदम खाली आला. "मग गवंडी पेशी धागे विणून भोक बुजवतात. तेही बरंच. पण काही गवंडी काम संपलं तरी थांबत नाहीत. बागेत काँक्रीट पडतं. ते उखडत नाही रे."

त्यांच्यामागे काकी दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्या होत्या. खांदे वरखाली होत होते. काका बोलत होते माझ्याशी, पण कान मागे होता. खांदे शांत झाले तसं काकांनी वाक्य अर्ध्यातच सोडलं. "चल, उशीर झाला," म्हणाले आणि दोघं वर, चौथ्या मजल्याकडे निघाले.

मी किल्ली हातात धरून तसाच उभा. तिसऱ्या मजल्यावरची दोन्ही बिऱ्हाडं गावाला गेलेली. वर पावलं थांबली. मग काकींचा नुसता श्वास ऐकू यायला लागला, जोरजोरात. अडवून फुप्फुसं सांगायला काकांना तिथे कुणी नव्हतं.

पिशव्या दारात टाकल्या आणि वर धावलो. पोहोचलो तेव्हा माझीच जीभ बाहेर.

"काका, त्या जाड्या पेशींचं... पुन्हा सांगा. नीट कळलं नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. जरा वेळच पाहिलं.

"मठ्ठ आहेस," म्हणाले आणि फुग्यांपासून सुरुवात केली.

काकी भिंतीला टेकल्या. डोळे मिटूनच म्हणाल्या, "सावकाश सांगा हो त्याला."