लेओंतीनच्या तळघरात पाणी कुठे मुरलं

‘नाक साऱ्या दरीला आहे, पण मागे डोकं असलेलं नाक एकच,’ असं ओनेझीम सावियो स्वतःच्या नाकावर बोट ठेवून सांगे. पस्तीस वर्षं टपाल वाटून तो निवृत्त झाला आणि दुसऱ्याच सकाळी गुप्तहेर झाला. गावात गुन्हे होत नसत, ही गावाची चूक. मदतनीस म्हणून त्याने बायकोला, ज्युस्तीनला नेमलं. नाही म्हणायला तिला सवडच मिळाली नाही.

त्या रविवारी सकाळी लेओंतीनच्या तळघरात गावजत्रेची वाईन ठरायची होती. वडिलांनी द्राक्षमळा हाती दिल्यावर तिने काढलेली ही पहिलीच तांबडी वाईन. ‘बाईच्या हातची वाईन म्हणजे व्हिनेगर, सॅलडवर ओतायची,’ असं वडील चारचौघांत म्हणाले होते. ते तिला फार लागलं होतं.

रीतीप्रमाणे सगळ्यांनी पेले भिडवले आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं. त्या वेळी पेल्याकडे बघणारा असभ्य. मग पेले पिंपावर ठेवून गालांचे तीन-तीन पापे झाले, पेले पुन्हा उचलले गेले. पहिला घोट गावचे अध्यक्ष क्रेता यांचा. त्यांनी तोंड वाकडं केलं.

‘लेओंतीन, हे निव्वळ पाणी आहे गं.’

लेओंतीनचा चेहरा पांढराफटक पडला. ओनेझीमचा उजळला.

‘कुणी हलू नका. इथे कुठेतरी पाणी मुरतंय.’

त्याने भिंती हुंगल्या. डोंगरावरची हिमनदी वितळून थेट पिंपात उतरतेय, हा पहिला निष्कर्ष. पिंपाला भोक सापडेना, तेव्हा तो शेजारच्या मळेवाल्यावर घसरला. तो गृहस्थ महिनाभर इस्पितळात होता. मग जमिनीवर ओले ठसे दिसले.

‘पाय मोठे, चाल फेंगडी, माणूस महाधूर्त.’

‘तुझेच आहेत,’ ज्युस्तीन म्हणाली. ‘आत्ता बर्फातून आलास.’

‘बघ, वर्णन तंतोतंत जुळलं की नाही?’

ज्युस्तीन अध्यक्षांकडे वळली. ‘पापे देताना तुमच्या शेजारी कोण होतं?’

‘हाच.’

‘मग तुम्ही याचा पेला उचललात. टपाल वाटताना दारोदार वाईन पुढे यायची, नाही म्हणता यायचं नाही. तेव्हापासून हा गुपचूप पाणी घालून पितो. खिशात बाटली आहे, बघा.’

सगळे ओनेझीमपासून एक पाऊल मागे सरकले. या दरीत गाय चोरणाऱ्याला माफी आहे, वाईनमध्ये पाणी घालणाऱ्याला नाही.

अध्यक्षांनी नवा पेला भरून घेतला, घोट घेतला, मग लगेच दुसरा घेतला. ‘यंदा जत्रेला हीच.’ लेओंतीन पिंपाला टेकून आनंदाने हमसून हमसून रडली.

अध्यक्षांचा मूळचा पेला ओनेझीमच्या हातात तसाच होता. तपासाच्या नादात प्यायचा राहिला होता.

‘पी आता,’ ज्युस्तीन म्हणाली. ‘आहे तशी.’

त्याने घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि डोळे बारीक केले.

‘दारं लावा,’ तो कुजबुजला. ‘हिच्यात कुणीतरी चव मिसळलीय.’