तोंड न दिसणारे फोटो

हौसा लाटेखाली दिसेनाशी झाली, तेव्हा माझे दीर वाळूत पोटावर पडून, एक डोळा मिटून "हलू नगंस गं" म्हणत होते. दुसरा डोळा कॅमेऱ्याला लावलेला.

"भावजी, आवं बायकू गेली!" मी ओरडले.

"थांबा वैनी, सूर्य आत्ता जाग्यावर आलाय."

शंकरभावजी फौजेतून पेन्शनीत आले ते गळ्यात कॅमेरा घालूनच. वडूजजवळच्या आमच्या गावात तेव्हा फोटो म्हणजे लग्नातला, नाहीतर मेल्यावर भिंतीला लावायचा. भावजी मात्र जित्या माणसाला दिवस मावळताना तलावाच्या बांधावर उभं करायचे, सूर्याकडं पाठ करून. फोटो धुऊन आला की माणूस नुसता काळा. नाक नाही, डोळे नाहीत. सासूबाईंनी आपला फोटो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "ह्ये बुजगावणं कुणाच्या रानातलं रं?" सरपंच तर लय भडकले. "फौजी, भर गावात माझं तोंड काळं केलंस!"

भावजींचं उत्तर ठरलेलं. "तोंड रोजच बघतासा. आकार बघा, आकार!"

फौजेत यांच्या डोक्याला काहीतरी लागलं असणार, असं माझं मत होतं आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं.

एका दिवाळीनंतर त्यांनी टूम काढली. समुद्रात सूर्य थेट पाण्यात बुडतो, तिथं हौसाचा फोटो काढायचा. हौसा म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. तिला सोबत म्हणून मला ओढलं. कऱ्हाडवरून एस.टी.नं घाट उतरून गुहागर गाठलं. दुपारी पाणी लांब होतं. भावजींनी टाचेनं वाळूत रेघ मारली आणि दिवस कलल्यावर हौसाला त्या रेघेवर उभं केलं. आम्ही दुष्काळी मुलखातली माणसं. विहिरीचं पाणी खाली गेलेलं बघितलेलं. आपल्या पायानं चालत वर येणारं पाणी कुणाला ठाऊक? ते तिच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. भावजी स्वतः सरपटत मागं येत होते आणि तिला मात्र "हलू नगंस". ती हलली नाही. मग मोठी लाट आली.

मी दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा त्यांनी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला. ज्या कॅमेऱ्याला मला कधी बोट लावू दिलं नाही, तो पाण्यातच टाकून धावले आणि अंबाड्याला धरून तिला ओढून आणलं.

ती पाणी ओकत बसली आणि मी त्यांची हजेरी घेतली. "सरळ तोंडाचा फोटो गावात निघत नव्हता व्हय? आकारापायी बायकू बुडवत होतासा!"

"तोंडाचा ती काढूच देत न्हाई, वैनी."

हौसाला लहानपणी देवी आलेल्या. तोंडभर वण. घरातल्या लग्नात सगळे फोटोला उभे राहिले की ही चहा टाकायला आत जायची. मी समजायचे, बाई कामसू आहे.

"समद्या गावाची तोंडं काळी काढली," भावजी म्हणाले, "तवा कुठं ही उभी ऱ्हायला तयार झाली. पाच वर्सं लागली."

हौसा पदर पिळत होती. "आवं," तिनं विचारलं, "निघाला का पर?"

कॅमेरा सापडला नाही. दुसरा घेणं झालं नाही आणि हौसाचा फोटो आमच्या घरात कुठंच नाही. भावजींना जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही दोघी जावा अजून आहोत.