रुखवताच्या कोठीवर उंदरांची स्वारी

॥ श्रीगजानन सदा सन्निध असोत, त्यांचे वाहन अंमळ दूर असो ॥

शके अठराशे ब्याऐंशी, शार्वरी नाम संवत्सरे, चैत्रमासी राज्यावर संकट गुदरले, त्याचे वर्तमान ऐसे जे: राज्य म्हणजे कौलारू घर, मागे गोठा, पुढे खळे, राजे विसाजीपंत, आणि राणी यमुनाआऊ, कानांनी मंद, कंठाने बुलंद. राजकन्या मथुरा हिचे लग्न वैशाखात योजिले आणि दोघी सुनांनी रुखवताकरिता शेवया, कुरडया, पापड उन्हात वाळवोन टोपल्यांत भरोन कोठीत ठेविले, आणि मग माळ्यावरोन उंदरांची फौज उतरली. एका पापडाची कड कातरलेली निघाली. उष्टे रुखवत मांडवात मांडिले तर वरपक्षाच्या बायका जन्मभर टोचतील, मथुरेने सासरी मान वर कैसी करावी? खजिना लग्नापायी रिता, पिंजरा आणवेना, राज्याची मांजरी दूधभाताने सुस्तावलेली. मग राजांनी कोठीच्या भुईत हंडा पुरिला, आत तेल माखिले, वर फुटके सूप तोलोन टोकास खोबरे बांधिले, की गनीम खोबऱ्यासी यावा, सूप कलावे आणि गनीम आत पडावा.

परंतु उंदरास माणसाची भाषा कळते, बेत बोलला की फसला, ऐसी राज्याची जुनी समजूत. म्हणोन सारी मसलत खुणांनी चालली. थोरली सून कानांपाशी बोटे हलवी आणि धाकटी दात पुढे काढी, की उंदीर समजावा. ते नेमके आऊंनी पाहिले.

“माझे कान गेले, दात पुढं आहेत, त्याची नक्कल करता होय गं भवान्यांनो?” ऐसे म्हणोन आऊ रुसोन बसल्या आणि जेवेनात. मग राजे निरुपाय होऊन त्यांचे कानाशी ओरडले, “अगं, तुला नाही! उंदीर! हंडा पुरलाय!”

“काय पुरलंय?”

“हंडा! हंडा!”

हे शेजारराज्यी पोचले आणि भागीरथीकाकू धावत येऊन पुसत्या जाहल्या, “पंत, धन सापडलं म्हणे?”

गनिमांनीही ऐकिले असावे. खोबरे जैसेच्या तैसे राहिले आणि पापड आणीक एक गेला. सुना रडकुंडीस आल्या. तेव्हा आऊ म्हणाल्या, “ऐकलंय ना त्यांनी? मग आता नीटच ऐकू दे.” आणि कोठीत पाट मांडोन, पुढे तांदूळ निवडायास घेऊन गर्जल्या, “मेल्यांनो, माझ्या मथूचं लग्न आहे! तुम्हाला लेकीबाळी नाहीत?” मग नित्य सकाळपासोन दिवेलागणीपावेतो त्यांस सारे सांगत गेल्या: मथू पायाळू जन्मली, कारलं खात नाही, रागावलं की गोठ्यात जाऊन वासराच्या गळ्यात पडते, सासरी वासरू असेल का, कोण तिची समजूत काढील. आपला आवाज किती, हे आऊंस ठाऊक नव्हते. आईने तोंडावर कधी एक शब्द कौतुकाचा काढिला नव्हता, आणि मथुरा कोठीच्या उंबऱ्याबाहेर बसोन पदर तोंडात धरोन ऐकत असे.

फौजेस तो कंठ सोसवेना. भागीरथीकाकू फणकारत आल्या, “पंत, तुमचे उंदीर आमच्याकडं उतरलेत! आऊंना चार दिवस आमच्या कोठीत धाडा.”

“कन्यादान झाल्यावर न्या,” राजे म्हणाले.

रुखवत अखंड मांडवात मांडिले. वरपक्षाच्या बायकांनी पापड उजेडाशी धरोन पाहिले आणि त्यांस बोलायास काही मिळाले नाही. मग टोपल्या गाडीत चढल्या, मथुरा चढली, गाडी खळ्यावरोन उतरली.

कोठी रिकामी जाहली आणि उंदीर माघारी आले. थोरली सून आऊंचे कानाशी लागोन म्हणाली, “सासूबाई, परत ओरडा की.”

आऊ पहिल्यानेच हळू बोलल्या: “आता काय राखायचंय तिथं?”

येणेप्रमाणे जय जाहला. गनीम गेले ते राहावयास आले, लेक गेली ती पाहुणी म्हणोन आली. जैसे घडले तैसे लिहिले.