जरा हे टोक धरा

गणितसरांनी नव्या मुलांचा वर्ग पत्करला तो नीट हिशेब करून. सकाळी फाटकावर उभं राहून उशिरा येणाऱ्यांना दटावायची पाळी सुटणार होती, तपासायला वह्या नव्हत्या आणि वर मोठ्या बाईंची मर्जी मिळणार होती. तोट्याच्या बाजूला त्यांनी काही मांडलंच नव्हतं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, ‘वर्ग देते’ म्हणाल्या होत्या, ‘खोली देते’ म्हणाल्या नव्हत्या. हे सरांच्या ध्यानात आलं ते पहिल्या दिवशी, जिन्याच्या वळणावर बाकं मांडलेली दिसली तेव्हा.

मुलं दूरदूरच्या देशांतून या इंग्रजी मुलखात नुकतीच आलेली. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती आणि इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. व्याकरण बाजूला ठेवायचं आणि गणित शिकवता शिकवता इंग्रजी तोंडी बसवायचं, अशी पद्धत ठरली होती. बाकीच्यांच्या तोंडी ते हळूहळू बसू लागलं. एक अकरा वर्षांची मुलगी मात्र गणितं अचूक सोडवायची आणि नुसती बघत राहायची. शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव पडलं ‘मौनीबाई’.

मोठ्या बाईंनी तिच्या आईला बोलावलं. आई शेजारणीला दुभाषी म्हणून घेऊन आली.

“ह्या म्हणतात, घरी पोरीच्या तोंडाला खळ नसतो,” शेजारीण म्हणाली.

“मग इथं काय होतं?”

आई बराच वेळ बोलली. शेजारणीनं त्याचं एवढंसं केलं, “चुकलं तर हसतील म्हणते.”

“शुक्रवारी माझ्यासमोर दोन वाक्यं बोलू दे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “नाहीतर शिशुवर्गात बसवू. तिथं गाणीबिणी असतात, आपोआप तोंड उघडेल.”

शिशुवर्गात तिचा धाकटा भाऊ होता. ताई आपल्या शेजारी बसणार म्हणून तो नाचायला लागला. ताईनं त्या वीतभर खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. सरांना त्या दिवशी डबा गेला नाही.

शुक्रवारी त्यांनी मोजमापाचा धडा काढला. मुलांच्या जोड्या लावल्या, जोडीला एकेक लांबलचक टेप दिली आणि तीन वाक्यं घोटून घेतली: “होल्ड धिस एंड, प्लीज.” “हाऊ लाँग इज इट?” “थँक यू.” मग हातवारे करून सांगितलं, आता जा आणि सगळी शाळा मोजून काढा.

पहिली जोडी कार्यालयात शिरली आणि थेट कारकुनाच्या टेबलाला भिडली.

“ए, काय चाललंय? कुणी पाठवलं?”

“होल्ड धिस एंड, प्लीज.”

इतक्या अदबीनं त्याला वर्षानुवर्षं कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं टोक धरलं. “थँक यू” म्हणून मुलं निघून गेली आणि कारकुनाच्या डोक्यात प्रकाश पडला. तो तडक ग्रंथालयात गेला.

“बाई, खोल्या बदलणार! मोजणी चालू झालीय. आणि चलाखी बघा, ज्यांना बोलता येत नाही अशी पोरं पाठवलीत. विचारा काय विचारायचं ते!”

“माझ्या खोलीत तर मधे एवढी जागा मोकळी आहे!” ग्रंथपालबाई किंचाळल्या.

“मग भरा की.”

ग्रंथपालबाईंनी तळघरातली रिकामी कपाटं ओढून आणली आणि ऐसपैस मांडली. हे क्रीडासरांनी पाहिलं. त्यांनी उडी मारायचा लाकडी घोडा सामानखोलीच्या मधोमध उभा केला आणि भोवती गाद्यांची तटबंदी रचली. प्रयोगशाळेतला सांगाडा कोपरा सोडून दारात आला. पहिला तास संपेस्तोवर सगळ्या शाळेत पाय ठेवायला जागा उरली नाही आणि एकेक जण मोठ्या बाईंच्या कानाशी लागला.

“माझं काय, मी कसंही भागवेन,” क्रीडासर म्हणाले. “पण ग्रंथालय जरा जास्तच मोठं नाही का?”

“मी कुणाचं नाव घेत नाही,” ग्रंथपालबाई म्हणाल्या, “पण चेंडूंना एवढी मोठी खोली?”

मोठ्या बाईंना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तसं दाखवणं मात्र त्यांच्या पदाला शोभलं नसतं. “बघते,” एवढंच त्या म्हणाल्या. एकट्या राहिल्यावर त्यांनी हिशेब मांडला. आपण मोजणी सांगितली नाही, म्हणजे ती वरून सांगितली गेलीय. आपल्याला न विचारता!

त्या तरातरा दाराकडे निघाल्या. दारात मौनीबाई टेप घेऊन एकटीच उभी होती. तिची जोडीदारीण ग्रंथपालबाईंच्या कपाटांपलीकडे अडकली होती.

“कुणी सांगितलं तुला हे?”

मुलगी हातातल्या टेपकडे बघू लागली.

“माझी खोलीसुद्धा मोजायची आहे?”

मुलीनं ओठ घट्ट मिटले. बाईंचा आवाज चढलेला, पण कपाळावर घाम आलेला. आपल्याइतकंच घाबरलेलं माणूस या शाळेत तिला पहिल्यांदाच दिसत होतं. तिनं टोक हळूच पुढे केलं.

“होल्ड धिस एंड, प्लीज.”

मोठ्या बाईंनी टोक धरलं. मुलगी टेप उलगडत खोलीच्या पार दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली, आकडा वाचायला वाकली, आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा वाकली. तेवढ्यात मधल्या सुटीची घंटा झाली. पोरांचे लोंढे दारावरून वाहत गेले. जो तो थांबून बघत होता. बाई टोक धरून उभ्याच, कारण ‘सोडा’ असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मुलगी परत आली. “थँक यू,” म्हणाली. मग खोलीकडे आणि बाईंकडे पाहत, कुणीही घोटून न घेतलेलं तिनं एकेक शब्द वेचून जोडलं,

“युवर रूम व्हेरी बिग. अवर रूम... स्टेअर्स.”

धावत आलेले गणितसर ते ऐकून जागच्या जागी थिजले. कुणी हसलं नाही.

“दोन झाली,” मोठ्या बाई म्हणाल्या. टेपचं टोक तिच्या हातात देत पुन्हा म्हणाल्या, “दोन्ही खरीसुद्धा आहेत.”

नव्या वर्गाला खोली द्यायची म्हणून त्या शाळाभर फिरून आल्या. पण प्रत्येकानं आपली खोली अशी चोख भरली होती की मोकळी जमीन दिसली ती फक्त त्यांच्याच दालनात. सोमवारी तिथं मधोमध एक कपाट आडवं लागलं. पलीकडे बाकं आली.

आता मौनीबाईच्या तोंडाला शाळेतही खळ नसतो. एकदा भरदुपारी तिला गप्प करायला मोठ्या बाईंनी कपाटावर टकटक केलं. पलीकडून आवाज आला, “यस, कम इन!” बाई मुकाट्यानं आत गेल्या आणि तास संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिल्या.

एकंदर जमाखर्च असा: ग्रंथपालबाईंची कंबर गेली, गाद्यांमागे अडकलेला घोडा क्रीडासरांना अजून बाहेर काढता आलेला नाही, आणि मोठ्या बाईंची अर्धी खोली गेली, दुपारची डुलकी तर सगळीच. सगळ्यात जास्त त्यांनीच भरलं. परवा कारकुनानं शिशुवर्गाशेजारची एक खोली रिकामी होतेय असं सुचवलं, तर त्याच्यावरच खेकसल्या, “कशाला? माझं काही अडलंय का?”