विषय क्रमांक चौदा

"या गावात डोकं असलेला माणूस एकच, आणि तो निवृत्त झालाय," असं माझे दाजी स्वतःबद्दल म्हणतात. टपालखात्यात तीस वर्षं पत्रांची वर्गवारी केल्यामुळे लिफाफा न फोडता आतला मजकूर आणि तोंड न उघडता माणसाचं पाप ओळखता येतं, असा त्यांचा दावा आहे. निवृत्तीनंतर त्यांनी दारावर 'खासगी अन्वेषक' अशी पाटी लावली. ती उलटी लागलीय हे त्यांना चौथ्या दिवशी कळलं, तेही ताईने सांगितलं म्हणून. मी ताईचा धाकटा भाऊ. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान बसल्यापासून दाजींचा सहायक. मोबदला म्हणून दोन वेळचं जेवण मिळतं आणि ते ताई करते, म्हणून मी टिकून आहे.

त्या सोमवारी खुद्द नगराध्यक्ष आमच्याकडे आले. आठवडाभर गावाचा नुसता विचका झाला होता. रस्त्यावरचे दिवे दिवसाढवळ्या जळत होते. कचऱ्याची गाडी एकाच गल्लीत तीनतीनदा येत होती. पश्चिमेकडे पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि आमच्या पूर्वेकडे नळाला थेंब नव्हता.

येत्या शनिवारच्या सभेत मतदान होतं. गावाचा रोजचा कारभार बघायला शिकलासवरलेला, पगारी प्रशासक नेमायचा की नाही, हा प्रश्न. नगराध्यक्ष मूळचे कापडवाले. त्यांचं म्हणणं, आम्ही नऊ सदस्य बारा वर्षं फावल्या वेळात गाव चालवतोय, कुणाचं काही अडलंय का? सदस्यांपैकी औषधवाल्याला मात्र प्रशासक हवा होता. तेव्हा हा घातपात औषधवाल्याचा आणि पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवणारा त्याला सामील, हे नगराध्यक्षांनी ठरवूनच टाकलं होतं. दाजींनी फक्त पुरावा आणायचा. व्हॉल्व्हवाल्याच्या निलंबनाच्या आदेशावर नऊही सदस्यांच्या सह्या झाल्या होत्या. वाचून सही करायची तिथे पद्धत नाही, त्यामुळे औषधवाल्याचीही होती.

आम्ही टाकीवर गेलो. व्हॉल्व्हवाला आपली लांब लोखंडी चावी मांडीवर घेऊन बसला होता. अठरा वर्षांची नोकरी, घरात पाच खाणारी तोंडं. चेहरा पार उतरला होता.

"साहेब, मला सांगितल्याशिवाय मी चावी फिरवत नाही," तो म्हणाला.

कोण सांगतं, हे शेंबडं पोरही विचारेल. दाजींनी विचारलं नाही. त्यांनी त्याचे हात पाहिले, तो डावखुरा असल्याचं टिपून घेतलं आणि डावखुरा माणूस नकाशावर पश्चिमेकडेच झुकतो, असा सिद्धांत मांडला. मग औषधवाल्याकडे झोपेच्या गोळ्या मिळतात या एका धाग्यावरून कचरागाडीच्या चालकाला गुंगी दिली गेल्याचं सिद्ध केलं. चालक त्या वेळी समोरच उभा राहून शिव्या घालत होता.

बुधवारी नगरपालिकेच्या कार्यालयात खिडकीजवळचं एक रिकामं टेबल सापडलं. वर कुंडीतलं रोप वाळलेलं, खणात शाळकरी वही. वहीत 'सो. पू. ६, मं. प. ६, दि. सं. ७' अशा ओळी. दाजींचे डोळे चमकले. सांकेतिक लिपी. रात्रंदिवस डोकं खाजवून त्यांनी त्यातून अकरा कटवाले काढले. त्यातल्या 'दि. सं.' या म्होरक्यावर तर त्यांचा विशेष राग होता.

गुरुवारी ताईचा संयम संपला. दहा दिवस ती शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांकडून पाणी आणत होती. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या घेऊन ती थेट टाकीवर गेली. मी मागोमाग.

"रोज पाणी सोडायला तुम्हाला कोण सांगायचं?" तिने विचारलं.

"आवकजावकच्या बाई. सकाळी सहाला फोन करायच्या, आज पूर्वेला सोडा, उद्या पश्चिमेला. दिवेवाल्याला, गाडीवाल्याला, सगळ्यांना त्याच करायच्या. आता फोनच येत नाही."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलंच नाही."

वहीतलं 'दि. सं.' म्हणजे 'दिवे, संध्याकाळी' हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ताईने बादल्या तिथेच ठेवल्या आणि कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावलेलं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. तिच्याआधी ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

शनिवारी दाजींनी चाळीस मिनिटं अहवाल वाचला. सभा निवांत डुलक्या घेत होती. मग मागच्या बाकावरून ताई उठली आणि तिने इतिवृत्तातला विषय क्रमांक चौदा मोठ्याने वाचला. "आवकजावक लिपिक बाईंना मुलीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवसांची रजा देणे, व त्या काळात त्यांचं काम कोणी करायचं ते ठरवणे. ठराव : एकमताने मंजूर."

बाई काम करतात हे नगराध्यक्षांना नवीन होतं. त्यांची समजूत, त्या टाइप करतात. औषधवाला तेवढ्यात सावरला आणि बघा, प्रशासक लागतोच, असं म्हणाला. नगराध्यक्षांनाही दुसरी वाट दिसेना. प्रशासक नेमायचं एकमताने ठरलं.

"मग बाईंनाच नेमा की," ताई म्हणाली.

नगराध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, तो जबाबदारीचा हुद्दा आहे."

आता जाहिरात कोण लिहिणार, असं कुणीतरी विचारलं. नऊ जण एकमेकांकडे बघू लागले. शेवटी, बाई आल्या की बघू, असं ठरलं. निलंबनाचा आदेशही तसाच पडून होता. त्यावर जावक क्रमांक टाकायचा राहिला होता आणि तो फक्त बाईंना टाकता येतो.

पुढच्या सोमवारी सकाळी सहाला टाकीवरचा फोन वाजला. सव्वासहाला आमच्या नळाला पाणी आलं. ताई नळापाशी नुसती उभी राहून बघत होती. मला भरून आलं, ते लपवायला मी बादली पुढे केली.

त्यानंतरच्या सभेत विषय क्रमांक चौदा होता व्हॉल्व्हवाल्याचं निलंबन रद्द करून त्याला बढती देणे. एकमताने मंजूर. विषय क्रमांक पंधरा, प्रशासकपदाच्या जाहिरातीचा मसुदा. त्यात एकच अट होती : उमेदवाराने याच कार्यालयात आवकजावक टेबलावर किमान बावीस वर्षं काम केलेलं असावं. तोही एकमताने मंजूर.

अर्ज एकच आला. दाजींना यात मोठा कट दिसतो. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा तर्क बरोबर आहे, पण मी त्यांना तसं सांगितलेलं नाही. पाणी वेळेवर येतंय.