अर्ध्या औषधाचा खुलासा

जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात छोटा सायक्लोट्रॉन, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य बनवणारं यंत्र, बसवण्यात आला. कर्करोग शोधणाऱ्या पेट स्कॅनचं किरणोत्सारी औषध आता नागपूरहून आणण्याची गरज उरली नव्हती. राळेगावची मोनाली सकाळी सातला ते इथंच तयार करायची. औषधाला एकच खोड होती. दर एकशेदहा मिनिटांनी ते निम्मं व्हायचं. विज्ञानाला हे मान्य होतं, स्टोअरला नव्हतं.

पहिल्या दिवशी तिनं शिशाच्या डब्यातून चाळीस युनिट पाठवलं. नियमाप्रमाणे ते आधी स्टोअरात जमा झालं आणि तपासणी समितीच्या तीन सह्यांची वाट बघत बसलं. तिसरी सही चहाला गेली होती. ती परतली तेव्हा मीटरवर वीसच उरले होते.

"वीस कमी!" स्टोअरकीपर विठ्ठलरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोनाले देल्लं, पोरी?"

"कोनालेच नाही, काका. ते आपोआप कमी होते."

"सरकारी माल आपोआप कमी होते, हे मलेही ठाऊक आहे. म्हनूनच तर विचारून राह्यलो."

मोनालीकडून खुलासा मागण्यात आला. दुसऱ्या दिवशी डब्यासोबत डोंगरसिंग हा पहारेकरी देण्यात आला. त्यानं डब्यावरची नजर क्षणभरही हटवली नाही. औषध त्याच्या डोळ्यांदेखत निम्मं झालं आणि दक्षतेत कसूर केल्याबद्दल त्यालाही नोटीस मिळाली. तिसऱ्या दिवशी डब्याला दोन कुलपं लागली. दुसऱ्या कुलपाची किल्ली ज्या साहेबांकडे होती, ते उमरखेडला दौऱ्यावर होते. संध्याकाळी डबा उघडला, तर मीटरचा काटा जागचा हलेना. समितीनं तातडीनं ठराव केला: 'सदर औषधाचे आयुष्य किमान मार्चअखेरपर्यंत वाढवण्यात यावे व तशी समज संबंधित अणूंना देण्यात यावी.'

या तिन्ही दिवशी दारव्ह्याकडच्या तांड्यावरची भुरीबाई स्कॅनसाठी उपाशीपोटी बाकावर बसून होती; निम्म्या उरलेल्या औषधात स्कॅन होत नव्हता. तिच्या मानेत गाठ होती. ती किती पसरली आहे, हे कळल्याशिवाय डॉक्टरांना उपचार ठरवता येत नव्हते.

"तुह्यं औषध निम्मं होते म्हनते," ती मोनालीला म्हणाली, "माही भूक काहून निम्मी होत नाही वं?"

मोनालीला त्या रात्री जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी ती डबा घेऊन निघाली आणि स्टोअरच्या दारावरून सरळ पुढं गेली. दहा मिनिटांत भुरीबाईला इंजेक्शन मिळालं, दुपारपर्यंत स्कॅन झाला. गाठ पसरलेली नव्हती. त्याच आठवड्यात उपचार सुरू झाले.

त्याच आठवड्यात मोनालीही निलंबित झाली. आदेशात कारण स्पष्ट होतं: 'औषध परस्पर रुग्णास दिले.'

'किरणोत्सारी औषधाची अफरातफर, महिला कर्मचारी निलंबित' ही बातमी दुपारपर्यंत जिल्हाभरच्या ग्रुपांवर पोचली. तुमच्याही मोबाईलवर आली होती. मथळ्याखालचं वाचायला तुम्हाला वेळ नव्हता, पण पुढं पाठवताना तुम्ही पदरची एक ओळ जोडलीत: 'अशा लोकांमुळेच आपला जिल्हा मागे राहिला.'