फुकटचं लाकूड आणि नारिंगी फीत

ऑर्विल स्टेन्सरूडच्या स्वयंपाकघरात मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी जे ठरलं, ते कुणी सरळ बोलून ठरवलं नाही. विस्कॉन्सिनच्या त्या भागात सरळ बोलून काहीच ठरत नाही. मुलगा कर्ट दोनशे मैल गाडी हाकत मिलवॉकीहून आला, आईच्या हातची कॉफी प्याला, खिडकीबाहेर बघत बसला आणि तिसरा कप संपता संपता म्हणाला, "आमच्या खालचा फ्लॅट रिकामा झालाय."

"अच्छा," ऑर्विल म्हणाला.

"भिंतीवरचं बटण फिरवलं की घर गरम. लाकडं नकोत, राख नको."

"बरंय की."

मर्ना, म्हणजे ऑर्विलची बायको, ओट्याशी उभी होती. हिवाळ्यात बर्फावर घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तेव्हापासून ती वॉकर धरून चालायची. ऑर्विल चौऱ्याहत्तर वर्षांचा. डॉक्टरने त्याला छातीच्या दुखण्यापायी झाडं तोडायची करवत हातात धरायची नाही म्हणून बजावलं होतं. तेही एक वेळ चाललं असतं. पण एप्रिलमध्ये तो आपली गाडी चर्चपाशी विसरून शेजाऱ्याच्या गाडीतून घरी आला, आणि ही बातमी मिलवॉकीपर्यंत पोचली. कर्टने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याने फक्त फ्लॅटचं सांगितलं.

"सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येईन," निघताना तो म्हणाला. "बाबा, चार थप्प्या लाकूड रचलेलं दिसलं, तर हा हिवाळा इथं काढा. नाहीतर मग बघू."

"मग बघू"चा अर्थ दोघांनाही कळला. एकेक थप्पी चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब. घर गरम ठेवणारी शेगडी एका हिवाळ्यात अशा चार थप्प्या खाते. लाकूड विकत घेणं ऑर्विलच्या घराण्यात बसत नव्हतं. त्याचा बाप म्हणायचा, जंगलात राहून लाकूड विकत घेणारा माणूस उद्या विहिरीवर उभा राहून पाणी विकत घेईल. तोडायची मनाई, विकत घ्यायची लाज. तिसरा मार्ग एकच होता, तो म्हणजे रस्त्याकडेची झाडं काढणाऱ्या टोळीचा.

टोळी त्या उन्हाळ्यात दोन मैलांवरच काम करत होती. विजेच्या तारांवर येणारी झाडं पाडायची, काढायच्या झाडाला आधी नारिंगी फीत बांधून ठेवायची, आणि पाडलेलं लाकूड जवळपास कुणी घेत असेल तर त्याच्या अंगणात ओतून मोकळं व्हायचं. कारण लांब नेऊन टाकणं त्यांनाही जिवावर यायचं. टोळीचा मुकादम ड्वेन पिकेट हा अलाबामाचा, दक्षिणेकडला गडी. आडदांड, बोलघेवडा आणि मनाने सरळ. सगळा घोळ त्या सरळपणाने केला.

ऑर्विल दोन डझन डोनट घेऊन गेला. अर्धा तास पावसावर बोलला. मग मक्यावर. मग ट्रकमध्ये भरलेल्या ओकच्या सुक्या, मेलेल्या, सोन्यासारख्या ओंडक्यांकडे बघत म्हणाला, "बरंच लाकूड दिसतंय."

"हवंय का काका? घरी आणून टाकतो," ड्वेन म्हणाला.

"छे छे, उगाच तुम्हाला त्रास."

आता ऑर्विलच्या गावात कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "बरं, एवढं म्हणताय तर" म्हणून घ्यायचं, ही रीत. पाळण्यातली पोरंसुद्धा दुधाला दोनदा नको म्हणत असतील. ऑर्विल दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभा राहिला. ड्वेनने डोनट तोंडात कोंबला, हात झटकले आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "काकांना नकोय रे. ते पलीकडच्या शेतावर टाक."

ओकचा ट्रक ऑर्विलच्या डोळ्यांदेखत निघून गेला.

"तू सरळ हो का नाही म्हणालास?" मर्नाने विचारलं.

"त्याने एकदाच विचारलं."

मर्नाला हे पटलं. तीही त्याच गावची.

दुसऱ्या खेपेला ऑर्विल मनाची तयारी करून गेला. ड्वेनने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "हो." आयुष्यात पहिल्यांदा असं बोलल्यामुळे त्याचे कान लाल झाले. ड्वेन खूश झाला. त्याने यादीत नाव घातलं आणि नियम सांगितला. "ट्रक येईल तेव्हा येईल, जे असेल ते असेल. पण काका, आलेला ट्रक परत पाठवायचा नाही. एकदा परत पाठवला की नाव खोडलं. बारा जण रांगेत आहेत."

पहिला ट्रक आला विलोचा. पाण्याने फुगलेलं लाकूड, जाळायला गेलं तर शेगडी रडेल. ऑर्विलने घेतलं. दुसरा एल्मचा. त्याच्या धाग्यांना अशी आढी असते की फोडायच्या यंत्राची पाचर आत रुतून बसते आणि ओंडका तिला सोडत नाही. एक अख्खा दिवस यंत्रापासून ओंडका सोडवण्यात गेला. तिसऱ्या ट्रकातून आला नुसता भुसा आणि डहाळ्या. तो मर्नाने मुरंब्यासाठी लावलेल्या, आंबट देठांच्या रुबार्बच्या वाफ्यावर रिकामा झाला, कारण अंगणात दुसरी जागाच उरली नव्हती. चौथ्यातून एकच ओंडका उतरला. तो जेवणाच्या टेबलाएवढा होता आणि नेमका गॅरेजच्या दारात पडला.

"परत पाठव म्हणावं त्याला," मर्ना म्हणाली.

"नाव खोडतील."

"अरे पण गाडी आत अडकलीय."

"असू दे. कुठे विसरायची तरी भीती नाही," ऑर्विल म्हणाला. हे तो विनोदाने म्हणाला, पण दोघंही हसली नाहीत.

तो ओंडका ढकलून गाडी सोडवायला चार दिवस गेले. जुलै संपला. अंगणात लाकडाचा डोंगर आणि त्यात यंदा जळेल असं लाकूड मोजून दीड थप्पी. ओक मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता. नाहीतर हवं होतं अ‍ॅश. अ‍ॅशचं लाकूड जात्याच कोरडं, आज पाडा, दोन महिन्यांत जाळा. हिरव्या किड्याने सगळ्या जिल्ह्यातले अ‍ॅश मारत आणले होते आणि टोळी तेच काढत पुढे सरकत होती. ऑर्विलच्या स्वतःच्या वाटेच्या तोंडाशी एक अ‍ॅश होता, पण तो वेगळा. कर्ट जन्मला त्या वर्षी ऑर्विलने तो काठीएवढा आणून लावला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो बरोबर मधोमध दिसायचा.

ऑगस्टच्या सुरुवातीला ड्वेन म्हणाला, "काका, परवा तुमच्याच रस्त्यावर काम आहे. अ‍ॅशच अ‍ॅश. ड्रायव्हर नवा आहे, त्याला तुमची वाट सापडायला हवी. कोपऱ्यावर काहीतरी खूण करून ठेवा." आणि खिशातली नारिंगी फीत त्याने ऑर्विलच्या हातात दिली.

ऑर्विल काही खुळा नव्हता. फीत झाडाला बांधायची नसते हे शेंबडं पोरही सांगेल. त्याने ती रस्त्यावरच्या टपालपेटीच्या खांबाला बांधली, दोनदा ओढून बघितली आणि घरी आला.

संध्याकाळी टपालात चिठ्ठी होती. टपाल आणणारी बेव्हर्ली सव्वीस वर्षं त्या रस्त्यावर होती आणि पेटीच्या बाबतीत तिला देवही घाबरत असावा. चिठ्ठीत लिहिलं होतं, "खांबाला काहीही बांधायला मनाई आहे. उद्यापर्यंत काढावे. रुबार्बचा मुरंबा छान होता."

"आता पुन्हा खालपर्यंत जायचं," ऑर्विल कण्हला.

"राहू दे. माझं चालणं व्हायचंय अजून," मर्ना म्हणाली. "डॉक्टरने रोज चाल म्हणून सांगितलंय."

ऑर्विल आरामखुर्चीत डुलकत होता. त्याने "हं" म्हटलं की नाही, हे त्याला नंतर कितीही आठवून आठवलं नाही.

टोळी यायची त्या सकाळी तो डोनट आणायला गावात गेला. तीन डझन घेतले. परतताना वळणावर आला आणि त्याने गाडी थांबवली. आकाश जास्त दिसत होतं. वाटेच्या तोंडाशी त्याच्या गुडघ्याएवढा बुंधा होता, पांढराशुभ्र, आणि बाजूला शेगडीच्या मापात कापलेले तुकडे ओळीने मांडलेले.

ड्वेन हसत पुढे आला. "काका, फीत बघितली आणि म्हटलं, काकांचं काम आधी. भुसासुद्धा उचलून नेला. तुमचं झाड, तुमचंच लाकूड."

 ऑर्विलने डोनटची खोकी पुढे केली, कारण खोकी हातात होती आणि माणसं घामाघूम झाली होती. ड्वेनने झाडावरून काढलेली फीत त्याच्या खिशात घातली, जपून ठेवा म्हणाला, पुढच्या वेळी लागेल.

टोळी गेल्यावर ऑर्विल तसाच बुंध्यावर बसून राहिला. झाडाला फीत आपणच बांधली असणार. दुसरं कोण? खांबाला बांधली असं स्वच्छ आठवत होतं, पण एप्रिलमध्ये चर्चपासून गाडी घरी आणल्याचंही स्वच्छच आठवत होतं. ज्या झाडावर जीव, त्याच झाडाला फीत बांधून माणूस विसरतो, तर उद्या शेगडीचं दार उघडं ठेवून विसरेल. कर्टचं बरोबर होतं. मर्नाला विचारावं तर तिला कळेल. म्हणून त्याने विचारलं नाही. घरी गेला आणि म्हणाला, "झाड पाडलं त्यांनी."

"बघितलं मी," मर्ना म्हणाली आणि खिडकीकडे पाठ करून भांडी घासू लागली.

महिनाभर ती दोघं त्या विषयावर बोलली नाहीत. रस्त्यावर पाडलेलं बाकीचं लाकूडही टोळीने अंगणात आणून टाकलं होतं. ते रचून झाल्यावर ऑर्विलने आपल्या झाडाचा एकेक तुकडा फोडला, एकेक रचला. एवढं सुबक रचकाम त्याने जन्मात केलं नव्हतं. फोडताना मध्येच थांबून तो लाकडाचा वास घ्यायचा.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कर्ट आला. त्याने चारही थप्प्या मोजल्या, ठोकून बघितल्या. मग आत येऊन खिडकीशी उभा राहिला.

"माझं झाड कुठंय?"

ऑर्विलने खिशातली फीत काढून टेबलावर ठेवली. "कर्ट, फ्लॅट अजून रिकामा आहे का?" तो म्हणाला. "झाडाला फीत बहुतेक मीच बांधली. मला आठवत नाही. म्हणजे आता माझं—"

"तू कशाला बांधशील?" मर्ना म्हणाली. "मी बांधली."

दोघं तिच्याकडे बघू लागले. तिने शांतपणे रुबार्बचं गोड सारण भरून भाजलेल्या 'पाय'चे तुकडे कापले.

"मार्चपासून सुतारपक्षी शेंड्याची साल सोलतोय. रोज ओट्याशी उभी राहून मी दुसरं काय बघते? किडा वर शिरला होता. दोन वर्षांत वाळलंच असतं आणि बेव्हर्लीच्या अंगावर पडलं असतं. तू वर मान करून बघत नव्हतास, कारण तुला बघायचं नव्हतं. वॉकर घेऊन खालपर्यंत जायला मला पाऊण तास लागला. खांबावरची सोडून झाडाला बांधून झाल्यावर तिथंच बसून रडून घेतलं आणि वर आले." तिने सुरी पुसली. "झाड जायचंच होतं. घर तरी राहू दे म्हटलं."

"मग महिनाभर सांगितलं का नाहीस?" ऑर्विल म्हणाला.

"तू विचारलं नाहीस."

"मला वाटलं माझं डोकं गेलं."

"मला वाटलं तू रागावलायस."

कर्टने फीत बोटाला गुंडाळली. मग तो म्हणाला, "फ्लॅट मी देऊन टाकतो कुणालातरी. या वर्षी."

मर्नाने त्याच्यापुढे बशी सरकवली. "नको, आई," कर्ट म्हणाला. तिने परत सरकवली. "खरंच नको." ती तिसऱ्यांदा सरकवणार, एवढ्यात ऑर्विलने हात लांब करून ती बशी स्वतःकडे ओढली.

"मला हवाय," तो म्हणाला. "आणि दोन हवेत."

 पन्नास वर्षांच्या संसारात त्याने मर्नाकडे पहिल्यांदा काहीतरी सरळ मागितलं होतं. तिने मोठ्यात मोठे दोन तुकडे काढले.